मऊ सापडलं म्हणून

आमच्या बुलढाण्यात दोन माणसांचं सहसा एकमत होत नाही. नळ किती दिवसांनी यावा, बसस्टँडजवळचा कुठला भजेवाला खरा आणि कुठला नकली, ह्यावर इथे पिढ्यान् पिढ्या वाद चालू आहेत. पण "मास्तर फार मऊ माणूस" हा ठराव मात्र सर्वानुमते मंजूर झालेला आहे, आणि त्यातले मास्तर म्हणजे मी.

हे प्रमाणपत्र मला फुकट मिळालेलं नाही. बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि एवढ्या वर्षांत कुणाला नापास करताना माझा हात धड चालला नाही. सत्तावीस मार्कांच्या पेपरातून आणखी आठ मार्क हुडकून काढण्याची माझी हातोटी पुराणवस्तू खात्यालाही हेवा वाटावा अशी होती. निवडणुकीत दोन्ही पक्षांचे लोक माझ्याकडून "मत आपल्यालाच" असं समजून समाधानानं परत जात. लग्नात यजमानांनी "स्वयंपाक कसा झालाय?" असं विचारलं तर करपलेल्या भाताचाही मी 'खमंग' म्हणून गौरव केलेला आहे.

विरोधी मत फक्त आमच्या घरातलं. आमची ही म्हणते, "मऊ काय, सादळलेला पापडही असतो!"

मी ते हसण्यावारी नेत असे. मऊ माणसाला एवढं जमतंच. पण गेल्या उन्हाळ्यात एका बाहुलीपायी मला ह्या मऊपणाचा हिशेब मांडावा लागला, आणि उत्तर काही आलं ते पास होण्याइतकं नव्हतं.

त्याचं असं झालं. माझी ताई दिली आहे घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्याचे दोन भाग. एक घाटावरचा, एक घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं बुलढाणा घाटावर, आणि राजूरचा घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्याकडे गेलं की घाटाखाल सुरू. मे महिन्यात घाटाखालचे लोक वर येतात आणि आम्ही त्यांना हवा आमच्याच मालकीची असल्यासारखी दाखवतो. तशी ताई तिच्या नातीला घेऊन आली. नात पुण्याची, वय वर्षं सहा. तिच्या काखेत एक बाहुली होती. तिचं नाव सोनपरी.

नावावर जाऊ नये. त्या परीच्या डोक्यावर जे काही होतं त्याला केस म्हणणं म्हणजे माझ्या 'खमंग' भाताच्याच जातीचं विधान झालं असतं. कुंभमेळ्यातल्या एखाद्या बैराग्यानं पाहिलं असतं तर आशीर्वाद मागितला असता! चौकशी केली तेव्हा कळलं, की नातीनं आजीच्या घरी बाहुलीला 'डोक्यावरून न्हाऊ' घातलं. कपडे धुण्याची मूठभर पावडर, बोअरचं पाणी, मग उन्हात वाळवण, आणि वर कोरडाच कंगवा.

आता ते बोअरचं पाणी म्हणजे साधं पाणी नव्हे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. वर काळी कसदार जमीन, आणि खाली पाणी खारट. इतकं, की पाहुण्यानं चहा मागितला तर साखरेआधी घरात पाणी कुठलं आहे ते पाहावं लागे. आता वान धरणाचं गोडं पाणी पाइपानं पुष्कळ गावांत पोचतं. पण धुण्याभांड्याला बोअर सुटलेली नाही. शाळेत आम्ही अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणत असू. ज्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन, येतो ते सुफेन. पाण्यातले चुन्याचे नि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात, त्याचा न विरघळणारा साका होतो आणि तो कपड्याला चिकटून बसतो. त्यावर बाकीचे क्षार वाळतात. मग सदरा खुंटीवरून काढला तरी खुंटीचा आकार सोडत नाही. हा धडा मी बत्तीस वेळा शिकवला. 'दुष्फेन पाणी म्हणजे काय? (२ गुण)' हा माझा आवडता प्रश्न. त्या दोन गुणांच्या पलीकडे त्या पाण्यात माझी सख्खी बहीण राहते, हे मात्र मला कधी सुचलं नाही.

तर पोरगी माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामाआजोबा, सोनपरीचे केस पहिल्यासारखे होतील ना?"

"होतील की!" मी ताबडतोब म्हणालो. माझं उत्तर प्रश्नाआधी तयार असतं.

रात्री मी हिला माझी योजना सांगितली. बाजारात अगदी तशीच बाहुली मिळेल. पोर झोपली की बदलून टाकू. नवी ठेवू, जुनी गुल. कुणाला दुखवायला नको.

ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सकाळी ती त्या बाहुलीशी काय बोलेल ते ऐकून घ्या म्हणजे झालं. आपल्या लेकराऐवजी दुसऱ्याचं ठेवलं तर तुम्हाला चालेल?"

ह्यात एक मोठा नैतिक प्रश्न आहे, हे मला तेव्हा जाणवलं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून केलेली फसवणूक ही दया की भित्रेपणा? तत्त्वज्ञांनी ह्यावर ग्रंथ लिहिले आहेत. कांट नावाच्या जर्मन पंडितानं तर सांगून टाकलं, की मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात आला तरी त्याच्याशीसुद्धा खोटं बोलू नये. कांटनं लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला हे परवडलं. पण बाहुलीच्या प्रश्नाशी तोही थबकला असता.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाचीचा फोन आला. ती म्हणाली, "मामा, फॅब्रिक सॉफ्टनर आहे का घरात? पाण्यात थोडं घालून केस भिजवा, मग विंचरा." आमच्या घरात फॅब्रिक होतं, सॉफ्टनर नव्हतं. दुकानात बाटली होती, पण तिची किंमत पाहून माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. म्हटलं, घरीच करू!

कपडे मऊ करण्याची ही कल्पनाच मुळी मला नवी होती. आमच्या पिढीनं कपडे कडक करण्यात उमेद घालवली. भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ काढायची, तीत धोतर बुडवायचं, वर नीळ, आणि मग इस्त्री अशी, की टोपीची कड लागून कपाळ कापावं. मऊ कपडा म्हणजे जुना कपडा, आणि त्याची जागा गोधडीत किंवा बाळाच्या अंगाखाली. खरं म्हणजे कापूस बोंडातून निघतो तो मऊच. आमच्या खामगावची कापसाची पेठ एके काळी इतकी मोठी होती, की तेवढ्यासाठी १८७० मध्ये जलंबपासून रेल्वेचा फाटा टाकला. म्हणजे मुळात मऊ असलेला कापूस आधी पाण्यानं राठ करायचा, वर खळीनं कडक करायचा, आणि शेवटी बाटली आणून पुन्हा मऊ करायचा. माणसाच्या शिक्षणाचाही हाच क्रम आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

कृती अशी : सहा वाट्या पाणी, तीन वाट्या पांढरं व्हिनेगर आणि दोन वाट्या केसांना लावायचं कंडिशनर. कंडिशनर आमच्या सूनबाई दिवाळीत विसरून गेल्या होत्या, ते जप्त केलं. व्हिनेगर चायनीजच्या गाडीवाल्यानं दिलं. सगळं हलक्या हातानं ढवळून बाटलीत भरलं. वास असा सुटला, की चायनीजच्या गाडीमागे कुणी अत्तराचं दुकान काढलं असावं. हे पाणी कपड्याच्या शेवटच्या खळबळीत घालायचं, साबणाबरोबर नव्हे. कारण आम्लानं साबण फुटतो आणि दोघेही वाया जातात. आणि ब्लीचिंग पावडरीशी तर व्हिनेगरची गाठच पडू द्यायची नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. काही नातेवाइकांना आपण लग्नात वेगवेगळ्या पंगतींना बसवतो, तसंच हे.

खार आणि सोडा ह्या बाबतीत आमचा जिल्हा तसा श्रीमंत. लोणारचं सरोवर हे उल्केच्या आघातानं पडलेल्या विवरातलं, आणि त्याचं पाणी सोड्यानं भरलेलं. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईने अकबरी'त नोंद करून ठेवली आहे, की ह्या भागात काच आणि साबण करायचं सामान मिळतं. म्हणजे अकबराच्या दरबारात बुलढाण्याची कीर्ती गेली ती धुण्याच्या सामानाची. पण मऊ करायचं सामान इथे निघतं अशी नोंद कुणीच केलेली नाही. अबुल फजल बारकाईनं पाहणारा माणूस होता.

आता एकदा सॉफ्टनर केल्यावर बाहुलीपुरता कसा थांबणार? मी घरातल्या सगळ्या कपड्यांना तो दिला. चादरी, पंचे, हिच्या साड्या, झाडून सगळं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी टॉवेल अंगाला लावला. काय सांगू! सशाचं पिल्लू हातात घ्यावं तसा तो लागत होता. मी तो पाठीवर फिरवला, पोटावर फिरवला, पुन्हा पाठीवर फिरवला. पाच मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं, की मी अजून ओलाच आहे. टॉवेल पाणी टिपतच नव्हता. पाठीवरचं पाणी पोटावर आणि पोटावरचं पाणी पाठीवर, एवढीच वाहतूक चाललेली.

ह्याचं कारण मला माहीत असायला हवं होतं. कंडिशनर काय किंवा बाजारातला सॉफ्टनर काय, दोघांची जात एक. त्यांच्या कणाला एका टोकाला धन विद्युतभार असतो आणि दुसऱ्या टोकाला चरबीसारखं लांब शेपूट. ओल्या धाग्यावर असतो ऋण भार. त्यामुळे कणाचं डोकं धाग्याला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. हाताला मऊ लागतं ते ह्या शेपटांचं लुकण. धागा आत होता तसाच. उलट चरबीच्या त्या थरामुळे त्याला पाणी टिपणं जड जातं. व्हिनेगरचं काम ह्याच्या अगदी उलटं. ते कशावर थर देत नाही. बसलेल्या चुन्याला विरघळवतं आणि निघून जातं. मागे धागा उरतो, फार मऊ नाही, पण त्याचा तो.

म्हणजे मऊ करायच्या दोन तऱ्हा झाल्या. एक वरून थर देण्याची, दुसरी आतला क्षार काढण्याची. माझ्या बाटलीत दोन्ही एकत्र नांदत होत्या, म्हणून मला फरक कळला नाही. आणि मग त्या ओल्या पाठीवर पंख्याचा वारा घेता घेता एक नकोसा विचार मनात आला. गावानं मला दिलेलं प्रमाणपत्र कुठल्या तऱ्हेचं आहे?

दुपारी आम्ही सोनपरीचं काम काढलं. पसरट भांड्यात कोमट पाणी, त्यात माझं द्रावण, आणि त्यात केस बुडवून परी उताणी. हे केस नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे असतात, फार कढत पाणी घातलं तर ते वाकडे होऊन बसतात, हे मी पोरीला समजावून सांगत होतो. ताई शेजारी वाती वळत बसली होती. अर्ध्या तासानं मी मोठ्या दातांची फणी घेतली, बाहुलीच्या टाळूशी घातली आणि ओढली. फणी तिथेच राहिली आणि बाहुली उचलून आली. पोर किंचाळली.

"काय करून रायला रे भाऊ?" ताई म्हणाली, "मुळापासून कोनी गुता सोडवते काय? खालून धर. टोकं मोकळे कर, मंग बोटभर वर ये, मंग अजून बोटभर. अन् वरतून केस मुठीत आवळून धर, म्हंजे डोक्श्याले ताण बसत नाई."

ताईला केसांतलं कळतं. लग्नाच्या वेळी तिची वेणी कमरेखाली रुळत होती. आई रिठ्याच्या पाण्यानं तिला न्हाऊ घालायची आणि मी त्या वेणीला लोंबकळून 'बैलगाडी' खेळायचो. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा केस खराट्यासारखे झालेले. आईनं हात लावला आणि काही न बोलता तेलाची वाटी आणायला आत गेली. मी तेव्हा हसलो होतो. खारपाणपट्टा म्हणजे काय हे मला पुस्तकात पाठ होतं ना!

मी टोकापासून लागलो. तासाभरात तीन बोटं मोकळी झाली. पोरीनं परीचा फ्रॉक काढून माझ्याकडे दिला, म्हणाली, "हापण मऊ करा." चिंतामणी रंगाचा सुती कपडा, बारीक काठ, हातानं शिवलेला. खाऱ्या पाण्यानं अगदी पुठ्ठा झालेला. मी तो भांड्यात टाकणार तेवढ्यात ताई म्हणाली, "राहू दे त्याले. कायले मऊ करतं? तुमचंच लुगडं हाय ते."

"आमचं?"

"हक्कसोडाचं."

वाचकहो, मी बत्तीस वर्षं शिकवलं म्हणून मला वाटत होतं, की कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असतं. त्या दिवशी नव्हतं.

आमच्या वडिलांनी मेहकरकडे स्वतःच्या कमाईनं बारा एकर जमीन घेतली होती. आई आधी गेली, वडील गेले १९८८ मध्ये. वारस तीन : दादा, ताई आणि मी. १९५६ च्या कायद्यानं मुलीला बापाच्या मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिलेला आहे. पुढे वडिलार्जित मिळकतीतही मुलींचा हक्क १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं वाढवला. गंमत अशी, की कायदा जसजसा रुंद होत गेला तसतसा हक्कसोडपत्राचा स्टॅम्पपेपर जास्त खपत गेला. बहिणीनं माहेरचा हिस्सा सोडायचा, भावांनी तिला साडी-चोळी करायची, आणि ती माहेरपणाला येत राहील असं सर्वांनी समजायचं. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यातलं. जिजाऊंच्या जन्माचा आम्हाला इतका अभिमान, की दर १२ जानेवारीला तिकडे जायला रस्ते अपुरे पडतात. आमच्या जिल्ह्यानं महाराष्ट्राला लेक दिली हे आम्ही छातीवर हात ठेवून सांगतो. लेकीला काय दिलं हे विचारलं, की सातबारा दुसऱ्या कपाटात असतो.

तर १९९१ मध्ये ताईनं सही केली. दादाकडे सहा एकर गेली, माझ्याकडे सहा. चार-चार-चार असा हिशेब होता, तो सहा-सहा-शून्य झाला. म्हणजे ताईची दोन एकर तेव्हापासून माझ्या नावावर आहे. मी ती बटाईनं देतो. सोयाबीनचे पैसे येतात. त्यातून हिला एकदा फ्रीज घेतला.

आणि २०११ मध्ये भाऊजी किडनीच्या आजारानं गेले. त्या पट्ट्यात हा आजार फार ऐकू येतो, लोक पाण्याकडे बोट दाखवतात. दोन वर्षं अकोल्याच्या खेपा चालल्या होत्या. ताईनं बैलजोडी विकली, मग पाटल्या विकल्या. मी प्रत्येक वेळी फोन करायचो, अगदी न चुकता. म्हणायचो, "ताई, काही लागलं तर सांग हं." फार मऊ आवाजात म्हणायचो. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं.

बाहुलीचे केस हातात तसेच धरून मी ताईला म्हणालो, "तू कधी काही बोलली नाहीस. मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का?"

"देल्लं असतं?"

"हो."

"मंग मागायले कायले लावलं?"

मी गप्प. ताईनं एक वात वळून ताटात ठेवली आणि म्हणाली, "दादानं मले तोंडावर सांगतलं होतं, सही कर, बहिनी मागत नसतात. लय राग आला मले त्याचा. दोन वर्षं राखी नाई बांधली. मंग गेला राग. तू काय म्हनला होता, आठोते?"

मला आठवत होतं. मी म्हणालो होतो, "ताई, तुझ्या मनाला येईल तसं कर."

"माह्या मनाले कोनी इचारलं होतं रे? तू तसं म्हनला अन् कागद पुढं केला. इतकं गोड बोलला का तुह्यावर रागावता बी येईना. म्हनून तो राग तसाच रायला."

एवढं बोलून तिनं पुढची वात घेतली. आवाज चढलेला नव्हता. तिनं तीसबत्तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट वाती वळता वळता सांगितली आणि मला माझ्या टॉवेलचं कोडं सुटलं. माझा मऊपणा हाताला फार छान लागायचा. त्यानं कुणाचं पाणी मात्र टिपलेलं नव्हतं.

'मऊ सापडलं म्हणून कोपरानं खणू नये' अशी म्हण आहे. मी ती नेहमी माझ्या बाजूनं वापरत आलो. गावातला कुणी मला राबवून घेऊ लागला, की मी सुस्कारा सोडून ही म्हण म्हणायचो. खणणारं कोपर माझंही असू शकतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि कोपर मऊ असलं म्हणून खड्डा कमी खोल पडत नाही.

मला वाटतं, गोड बोलणं हा गुण आहे की दोष, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. आपण बोलण्याची गोडी तपासतो, आवाजाची पट्टी तपासतो. तपासायचं असतं ते हे, की बोलून झाल्यावर समोरच्याच्या पाठीवरचं पाणी कमी झालं की नाही. दादाचं बोलणं दगडासारखं होतं, पण दगडाला निदान ठेच लागते, ठेच लागली की माणूस ओरडतो आणि ओरडलं की जरा मोकळं होतं. माझ्या बोलण्याला ठेचही लागत नव्हती. मी ताईचं दोन एकर रान तर घेतलंच, वर तिचं रागावण्याचं साधनही काढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत मी विंचरत बसलो. मधे ताईला म्हणालो, "ताई, तुझी दोन एकर मी तुझ्या नावावर करून देतो." हे वाक्य माझ्या नेहमीच्या वाक्यांसारखं गुळगुळीत आलं नाही, घशात दोनदा अडकलं. ताई म्हणाली, "आंधी त्या पोट्टीच्या बाहुलीचा गुता काढ." ना हो, ना नको. म्हटलं, हेही टोकापासूनच करावं लागणार.

रात्री हिला सांगितलं. मला वाटलं होतं, ही फ्रीजचा विषय काढील. ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, बघू." मला ते आठवत नव्हतं. पण 'बघू' हा शब्द माझाच, त्यात शंका नाही.

दिवाळीच्या आधी बक्षीसपत्राची नोंदणी झाली. त्या आधी मी दादाला फोन करून सगळं सांगितलं आणि त्याच्याकडच्या दोन एकरांबद्दलही बोललो. आयुष्यात प्रथमच त्याच्याशी बोलताना "तू म्हणशील तसं" हे शब्द मी वापरले नाहीत. दादानं ऐकून घेतलं, "म्हातारपणी अक्कल फुटली वाटतं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही. भाऊबीजेला ताई दोघांकडे गेली. ओवाळणीत त्यानं काय घातलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन एकरांनी सगळं फिटलं असं म्हणण्याइतका मी आता मऊ राहिलेलो नाही. बैलजोडी आणि पाटल्या बक्षीसपत्रात लिहिता येत नाहीत.

सोनपरीचे केस पहिल्यासारखे झाले नाहीत. मी पोरीला तसं सरळ सांगितलं. म्हटलं, "पुष्कळ सुटले, पण हा कानामागचा गुंता सुटत नाही, आणि टोकं थोडी राठच राहणार." तिनं परीला फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "मग इकडची वेणी घालू." प्रश्न मिटला. मी मात्र ह्याच पोरीसाठी रातोरात बाहुली पळवायला निघालो होतो! फ्रॉक तसाच पुठ्ठ्यासारखा राहिला. त्याला कुणी हात लावला नाही.

टॉवेलांचं काय झालं, ते सांगून संपवतो. त्यांच्यावरचा थर काढायला मी ते नुसत्या व्हिनेगरच्या पाण्यातून चार वेळा काढले. आता ते अंगाला चांगलेच खरखरीत लागतात, पण पाणी टिपतात. गावातही माझ्या वागण्याची थोडी खबर गेली असावी. परवा वर्गणीवाले आले, मी एकाची पावती घेतली आणि दुसऱ्याला नाही म्हणालो. जाताना तो फाटकापाशी म्हणाला, "मास्तर आता पूर्वीचे राहिले नाहीत, फार कडक झाले."

बुलढाण्यातलं एवढं एकच एकमत होतं, तेही मोडलं. आमची ही आतून ऐकत होती. तिनं त्या दिवशी पापड भाजले, आणि ते कुरकुरीत होते.